परीक्षकाने हात लावायचा नाही

दिनांक १७ जून २०२३ रोजी तापीकाठ स्काउट-गाइड मंडळाच्या बचत खात्यात तीन हजार आठशे बेचाळीस रुपये पन्नास पैसे शिल्लक होते, आणि त्याच दिवशी मंडळाने रोबोटिक्सचा बॅज सुरू करण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. मी मंडळाचा मानद कोषाध्यक्ष, पोटापाण्याला शाळेच्या कचेरीत नोकरी. ठरावाला अनुमोदन माझंच आहे. ज्यांनी द्यायचं ते झोपले होते.

आमचं मंडळ जळगाव आणि धुळे अशा दोन जिल्ह्यांतल्या साठेक शाळांत आहे. आमच्याकडे तेवीस बॅज. मुलाने एखादा विषय शिकायचा, त्यातल्या बाहेरच्या जाणकाराने परीक्षा घ्यायची, त्याने मुलाच्या पुस्तिकेत परीक्षक म्हणून सही केली की बाहीवर एक कापडी बिल्ला शिवायचा. प्रथमोपचार, स्वयंपाक, गोपालन, सायकल दुरुस्ती असे विषय. शेवटचा नवा बॅज १९९६ साली निघाला होता. मग एकदम रोबोटिक्स कसं आलं? तर आमचे आयुक्त लीलाधर आबा यांच्या पुण्यातल्या नातवाने सुट्टीत येऊन विचारलं, "आबा, तुमच्याकडे रोबोटिक्स नाही?" आबांची कापसाची जिनिंग प्रेस आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी मंडळाला दोन तंबू दिले आणि मंडळाने त्यांना आयुक्त केलं. तंबू अजून चांगले आहेत.

बॅजवरच्या यंत्रमानवाच्या डोक्यावर स्काउटची टोपी असावी की नसावी, यावर पाऊण तास चर्चा झाली. असावी असं ठरलं. अभ्यासक्रम कोण लिहिणार, यावर चार मिनिटं. धुळ्याला रोबोटिक्सचा क्लास चालवणारे जितेंद्र सर सभेला मुद्दाम बोलावलेले होते. त्यांनी अभ्यासक्रम छापूनच आणला होता. प्रत्येक मुलाने त्यांच्याकडचा संच घ्यायचा, किंमत पाच हजार आठशे. परीक्षक तेच. आबा म्हणाले, "झालं तर मग." मी म्हणालो, "आबा, आपल्या निम्म्या मुलांकडे गणवेशाचे बूट नाहीत." आबा म्हणाले, "नाना, तुम्हाला प्रत्येक ठिकाणी खर्च दिसतो." कोषाध्यक्षाला दुसरं काय दिसणार? पण पर्यायी अभ्यासक्रम आला तर जानेवारीच्या मेळाव्यात दोन्ही तपासू, एवढं मी ठरावात घालून घेतलं. पर्याय माझ्याकडे नव्हता. ठरावात फट ठेवायची सवय आहे, इतकंच.

पुढच्या महिन्यात पथकाचं दप्तर तपासायला चोपड्याला गेलो, तेव्हा तिथल्या गाइड कॅप्टन सविताबाई म्हणाल्या, "नाना, दप्तर राहू द्या. आमच्याकडे रोबोट आहे, तो बघा."

"कुठे?"

"रमजानभाईंच्या दुकानात."

तोपर्यंत मी रमजानला ओळखत नव्हतो. आता आमचं अरे-तुरे आहे, म्हणून इथेही तसंच लिहितो.

रमजान मोटारी भरतो, म्हणजे विहिरीवरची जळालेली मोटर उघडून तिच्यात तांब्याची नवी तार गुंडाळतो. चोपड्याच्या एस.टी. स्टँडमागे त्याचं दहा बाय बाराचं दुकान आहे. वडील स्टो आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचे. रमजानने नववीत शाळा सोडली, अमळनेरला एका तेलाच्या मिलमध्ये मिस्त्रीच्या हाताखाली दहा वर्षं काढली आणि लग्नानंतर परत येऊन हे दुकान टाकलं. त्याची बायको सलीमाभाभी तार त्याच्यापेक्षा लवकर गुंडाळते. हे तो स्वतःच सांगतो, ती समोर असली तर जरा हळू आवाजात.

त्याच्या दुकानात वही नाही. भिंत आहे. तीस वर्षांत भरलेल्या प्रत्येक मोटरचा हिशोब त्याने ऑइलपेंटने भिंतीवर लिहिलाय: कोणाची, किती हॉर्सपॉवरची, किती वेढे. 'वना नाना, गलंगी, साडेसात, ३८.' 'हातेडवाले, पाच, ५२.' मालक वारला की नावापुढे फुली येते, वेढे तसेच राहतात, कारण मोटर मुलाकडे असते. मी तीस वर्षं लेजर लिहितोय. इतकं स्वच्छ लेजर मी पाहिलेलं नाही, आणि हे कोणाला उचलून घरी नेता येत नाही हा फायदा वेगळाच.

मी गेलो तेव्हा दारात एक शेतकरी अहिराणीत ओरडत होता. "रमजानभाऊ, मोटर बंद शे, केळी सुकी राहिनी!"

"थांब ना भाऊ," रमजान आतून म्हणाला, "बठ्ठासन्या मोटरी आजच जळन्यात का?"

मग माझ्याकडे बघून शुद्ध मराठीत, "या साहेब. तुमची पण जळली का?"

"मी स्काउट मंडळाचा कोषाध्यक्ष."

त्याचा चेहरा बदलला. हातातली पक्कड खाली ठेवून त्याने हात पुसला आणि पुढे केला. डावा.

वाचकांपैकी सगळेच स्काउट नसतील, म्हणून सांगतो. स्काउट एकमेकांशी डावा हात मिळवतात. जगभर तीच रीत आहे आणि कोणत्याही पथकात पहिल्याच आठवड्यात ती शिकवतात. पन्नाशी उलटलेल्या, ग्रीसने माखलेल्या माणसाने चोपड्यात माझ्यापुढे डावा हात करावा, हे मला अपेक्षित नव्हतं.

"कोणतं पथक?" मी विचारलं.

"इथलंच. आठवीत होतो. एक्याऐंशी साल."

"चाळीस वर्षं तेच सांगतोय," सलीमाभाभी तार गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "विचारा त्याला बिल्ल्याचं. जेवायला थांबायचं असेल तरच विचारा, लवकर संपत नाही."

गोष्ट अशी होती. रमजान आठवीत विद्युतकाराचा बॅज पास झाला होता. परीक्षेत फ्यूज बांधायचा आणि घंटीचं कनेक्शन करायचं होतं. बिल्ल्याचे पैसे त्याने भरले. बिल्ला जळगावहून यायचा होता, तो आलाच नाही, आणि बिल्ला नाही म्हणून पुस्तिकेत परीक्षकाने सहीही केली नाही. ती पुस्तिका त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दाखवली. 'विद्युतकार' या शब्दासमोरचा चौकोन रिकामा होता.

"आता बिल्ला नको मला," तो म्हणाला. "ह्या वयात कुठे शिवू, बनियनवर? पण सविताबाईंच्या पोरी रविवारी येतात, त्यांना मी यंत्र शिकवतोय. त्यांच्या पुस्तिकेत परीक्षक म्हणून माझी सही पाहिजे. त्यांचा चौकोन रिकामा नको."

ज्याला सविताबाई रोबोट म्हणत होत्या, तो कोपऱ्यात उभा होता. पीव्हीसी पाइपचं धड, भंगारातल्या जीपची वायपरची मोटर, मोटरसायकलची जुनी बॅटरी, पंख्याच्या पात्यातून कापलेली बोटं आणि बोटांवर सायकलच्या ट्यूबचा रबर. त्याला एक हात होता, डावा. त्याच्या तळव्याला आपला तळवा लागला की तो बोटं मिटायचा, तीन वेळा हात हलवायचा आणि आपल्या अंगठ्याखाली घंटीचं बटण दाबलं गेलं की सोडायचा. अरिबा नावाची नववीतली मुलगी आणि तिच्या तीन मैत्रिणींनी तो बनवला होता. एकूण खर्च दोनशे साठ रुपये.

"याला रोबोट म्हणायचं का?" मी विचारलं.

"न सांगता काम करतो, चहा मागत नाही," रमजान म्हणाला. "नाव तुम्ही ठेवा."

मी त्याला अभ्यासक्रम लिहायला सांगितलं. त्याने पाच नियम एका जुन्या वायरच्या खोक्यावर लिहून दिले. मी ते टाइप करून घेतले, अर्थाला हात लावला नाही. यंत्राने काही तरी ओळखून त्यावर कृती करावी. खर्च तीनशेच्या आत. आकृती काढून समजावता यावी. मोटर, बॅटरी, बटण यांपैकी प्रत्येकाचं काम एका वाक्यात सांगता यावं. आणि पाचवा: परीक्षेत यंत्र बंद पडलं तर उमेदवाराने स्वतः दुरुस्त करावं, परीक्षकाने हात लावायचा नाही.

"पाचवा कशाला?" मी विचारलं. "बंद पडलं तर बिचाऱ्या मुलींचं काय?"

"बंद पडणारच, नाना. चालू यंत्र कोणीही दाखवतो."

जानेवारीत पिंपळनेरला मेळावा भरला. थंडी अशी की मंडळाचे पदाधिकारी भाषणं आटोपशीर करायला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मैदानावर दोन्ही रोबोटांची चाचणी होती. तिच्यावर अभ्यासक्रम ठरणार, आणि त्याबरोबर परीक्षक. रमजान पांढरा शर्ट घालून आला होता. खिशाला पेन लावलं होतं. भाभीने ते नवीन घेऊन दिलं होतं, सह्यांसाठी.

आधी जितेंद्र सरांची गाडी. जमिनीवर काळी पट्टी चिकटवली होती, तिच्यावरून गाडी आपली आपण वळणं घेत गेली. छान चालली, खोटं कशाला लिहू. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीत ती अडली. ज्या मुलाची होती तो सरांकडे बघायला लागला. सरांनी ती उचलली, उलटी केली, दोन वायरी हलवल्या, खाली ठेवली, आणि ती चालू लागली. मुलांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

रमजान माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पास कोण झालं, नाना? मास्तर?"

मग अरिबाचा रोबोट आणला. त्याच्या गळ्यात स्कार्फ घातला होता. सविताबाईंनी सगळ्यांना समजावलं की हा पाहुण्यांचं स्काउट पद्धतीने स्वागत करतो, आणि आयुक्तांना हात मिळवण्याची विनंती केली.

आबा पुढे झाले. फोटोग्राफरकडे बघून हसले. आणि उजवा हात दिला.

आता हे इतकी वर्षं कसं लपलं, ते मला नंतर कळलं. आबांशी मंडळात कोणी हात मिळवलाच नव्हता. मुलं सॅल्यूट करायची, शिक्षक नमस्कार करायचे, आणि ज्यांना जिनिंगला कापूस घालायचा असे ते पाया पडायचे. सहा वर्षं आयुक्त राहून माणसाला स्काउटांचा हात कोणता ते माहीत नव्हतं, आणि पहिल्यांदा विचारणारा एक वायपर निघाला.

रोबोटने तळवा ओळखला, बोटं मिटली, तीनदा हात हलवला. पण आबांचा अंगठा भलत्याच बाजूला. बटण दाबलं गेलं नाही. रोबोट थांबून राहिला. आबांनी हात ओढला. मोटरने आपल्याकडे ओढला. फट्‌ असा आवाज झाला आणि सगळं शांत.

वायपरच्या मोटरचा गिअर असा असतो की वीज गेली तर तो जिथे असेल तिथेच अडकून बसतो. बाहेरून ओढून फिरत नाही.

"सोडा," आबा म्हणाले. आधी हसून. मग न हसता. "अरे, सोडवा कोणी तरी!"

"दुखतंय का आबा?" मी विचारलं.

"दुखत नाहीये हो! सुटत नाहीये!"

सगळ्यांनी रमजानकडे पाहिलं. जितेंद्र सर म्हणाले, "अहो, तुमचं यंत्र आहे, काढा ना!"

रमजानने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "पाचवा नियम आहे साहेब. परीक्षकाने हात लावायचा नाही."

"अहो, पण आयुक्त अडकलेत!"

"आयुक्त अडकले तर लावायचा असं लिहिलेलं नाही. मी हात लावला की पोरी नापास."

"तू कोण परीक्षक?" आबा ओरडले. "तुला नेमला कोणी?"

"अजून कोणी नाही साहेब. म्हणून तर हात लावत नाही."

त्याच्या बोलण्यात मस्ती होती, पण मी त्याच्या शेजारी उभा होतो. पाठीमागे बांधलेले ते हात एकमेकांना इतके घट्ट धरून होते की नखं पांढरी पडली होती. दोन मिनिटांत तो आबांना सोडवू शकला असता. सोडवलं असतं तर आबा खूश झाले असते, आणि पोरींचा चौकोन रिकामा राहिला असता.

अरिबा एकदाही त्याच्याकडे बघायला वळली नाही. तिने डबा उघडून टेस्ट लॅम्प काढला. बॅटरी तपासली, ठीक. मोटरपर्यंत वीज येत नव्हती. फ्यूज गेला होता. दुसरी एखादी असती तर लगेच नवा फ्यूज घालून मोकळी झाली असती. ही थांबली.

"साहेब," तिने आबांना विचारलं, "तुम्ही कोणता हात दिलाय?"

आबांनी आपल्या हाताकडे बघितलं. मैदानावर चारशे मुलं होती. त्यातल्या मागच्या रांगेतलं कोणी तरी फिस्सकन हसलं, आणि मग ते हसू रांगा धरून पुढे आलं. सविताबाईंनी शिट्टी वाजवली. शिट्टीचा आवाजही नीट आला नाही, कारण त्याही हसत होत्या.

"उजवा दिलाय," अरिबा आपल्या मैत्रिणीला म्हणाली, जसं काही पेशंटबद्दल डॉक्टरीणबाई नर्सला सांगतात. "बटण दाबलंच गेलं नाही. मोटर ओढत राहिली, म्हणून फ्यूज गेला. नुसता फ्यूज घातला तर आणखी आवळेल. मोटरच्या वायरी उलट्या जोड."

वायरी उलट्या जोडल्या. नवा फ्यूज बांधला. मोटर उलटी फिरली, बोटं उघडली आणि आयुक्त सुटले. घड्याळ मी लावलं होतं. अकरा मिनिटं.

आबांनी हात चोळला. रोबोटकडे बघितलं. मग अरिबाकडे. मग अगदी सावकाश डावा हात पुढे केला. अरिबाने तो मिळवला. तो काही दिलदारपणा नव्हता, फोटोग्राफर अजून तिथेच होता.

दुपारी जेवणानंतर तंबूत बैठक झाली. अभ्यासक्रम रमजानचाच, याहून वेगळं बोलायला आता कोणी धजत नव्हतं. खुद्द रमजाननेच त्यात सहावा नियम घालायला सांगितला: यंत्र वीज नसतानाही हाताने सोडवता आलं पाहिजे. "माझी चूक आहे ती," तो म्हणाला, "पोरींची नाही." पण परीक्षकाच्या नावावर आबा अडून बसले. मंडळाच्या नियमाप्रमाणे परीक्षकाकडे पदवी हवी किंवा त्या विषयाजवळचा मंडळाचा बॅज हवा.

"रमजानभाई, पदवी?"

"नववी."

"बॅज?"

"पास झालोय. मिळाला नाही."

"कागद?"

रमजानने खिशातल्या पेनाला हात लावला आणि परत खाली घेतला.

मी म्हणालो, "आबा, जुनी रजिस्टरं जळगावच्या कार्यालयात आहेत. फेब्रुवारीअखेर शोधतो. नाही सापडलं तर जितेंद्र सर."

"ठीक," आबा म्हणाले. मग थोडं जवळ सरकून, "आणि नाना, सकाळचं ते इतिवृत्तात नको."

"काही तरी लिहावं लागेल. चाचणी झालीय."

"मग तुमच्या पद्धतीने लिहा."

इतिवृत्तात लिहिलं आहे: 'आयुक्तांनी यंत्राची स्वतः पाहणी केली. पकड समाधानकारक आढळली.'

रजिस्टर शोधायला मला पाच रविवार लागले. कार्यालयाच्या माळ्यावर तीन पत्र्याच्या पेट्या होत्या. पहिलीत तंबूच्या खुंट्या. दुसरीत कोणत्या तरी माजी आयुक्तांना मिळालेल्या बारा शाली, किडीसकट. तिसरीत रजिस्टरं होती, पण वर्षांचा क्रम नाही. क्रम लावल्याशिवाय मला शोधता येत नाही, म्हणून आधी क्रम लावला. रमजान दर रविवारी संध्याकाळी फोन करायचा.

"कुठपर्यंत आलास?"

"बाहत्तर."

"तेव्हा मी चार वर्षांचा होतो. चालू दे."

पाचव्या रविवारी १९८१ चं रजिस्टर हाती आलं. पान सत्तेचाळीस. निळ्या शाईत, माझ्या आधीच्या आधीच्या कोषाध्यक्षांच्या अक्षरात: 'रमजान, इयत्ता आठवी, चोपडा. विद्युतकार. उत्तीर्ण. बिल्ल्याचे शुल्क रु. ०.७५ जमा. बिल्ला शिल्लक नाही, आल्यावर देणे.' खाली परीक्षकाची सही होती. पुस्तिकेत नव्हती, इथे होती.

मी फोन लावला आणि ओळ वाचून दाखवली. पलीकडे पक्कड खाली ठेवल्याचा आवाज आला.

"रमजान?"

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचली.

मागून भाभीचा आवाज आला, "काय झालं? कोण गेलं?" आणि रमजान म्हणाला, "कोणी गेलं नाही. पास झालो." भाभी म्हणाली, "नालायका, एक्याऐंशीलाच झाला होतास ना?"

पानाची झेरॉक्स लावून मी प्रस्ताव ठेवला. आबांनी सही केली. त्यांनी झेरॉक्स दोनदा वाचली, आणि पंचाहत्तर पैशांवर जरा थांबले, एवढं मी पाहिलं. दहा मार्चला रमजानने अरिबा आणि तिच्या तीन मैत्रिणींच्या पुस्तिकेत सह्या केल्या. नवीन पेन चाललं नाही, म्हणून माझ्या पेनाने. त्यानंतर आजपर्यंत त्याने दोन्ही जिल्ह्यांत एकसष्ट मुलांची परीक्षा घेतली. त्यातली चाळीस पास झाली. नापास झालेल्यांचे पालक माझ्याकडे येतात, मी त्यांना पाचवा नियम वाचून दाखवतो. जितेंद्र सरांच्या क्लासची मुलंही येतात. त्यातली काही आता स्वतः वायरी हलवतात.

येत्या ३१ मे रोजी मी शाळेतून निवृत्त होतोय आणि मंडळाचं कामही सोडतोय. नव्या कोषाध्यक्षांसाठी पदभाराची यादी करताना रमजानला फोन केला आणि विचारलं, की ते पंचाहत्तर पैसे परत करू का. विद्युतकाराचा बॅज मंडळाने १९९४ साली बंद केलाय, त्याचं चित्रही आता कुणाकडे नाही.

"पैसे कशाला?" तो म्हणाला. "बिल्ल्याचे दिलेत. बिल्ला दे."

यादीत देण्यांच्या पानावर तंबूवाल्याचं काही नाही, छपाईचं काही नाही. एकच नोंद आहे. रमजान, चोपडा. विद्युतकार बिल्ला, नग एक. देणे बाकी.